मागचा स्पीकर

बुसानमध्ये, जॉन्पोच्या हत्यारांच्या गल्लीत
माझं शटर अर्धं खाली आलं होतं,
तेव्हा तो वाकून आत शिरला. बान हा-रम.
रात्रपाळीला पीसी बांगमध्ये गिऱ्हाइकांचे नूडल्स उकळतो,
उरलेल्या वेळात मरतो.
"मावशी, तुम्ही दुरुस्त केलेल्या हेडसेटमध्ये
माणसं उलटी चालतात.
मागून येणारा समोर वाजतो.
काल अकरा वेळा मेलो.
अकराही वेळा पाठीत गोळी."

मी चार स्क्रू काढले.

बाहेरून एकच काळा गोळा,
आत मात्र पाच बिऱ्हाडं एका खोलीत.
पुढचा तिरका बसतो, गालाच्या बाजूनं बोलतो.
मधला. बगलेचा.
मागचा, जो कानामागून येतो
आणि तिखट होतो.
खाली थोरला, चाळीस मिलिमीटरचा,
त्याला दिशा नाही, नुसता दणका.
प्रत्येकाला स्वतःची तार, स्वतःचं चुंबक,
कांद्याच्या पापुद्र्याएवढा पडदा,
आणि वायरीच्या मध्यावरची डबी ठरवते
कुणी कधी तोंड उघडायचं.

हा-रमला वाटतं जादू यांचीच.
मला विचाराल तर निम्मं काम कान करतो.
उगाच का तो असा चुरगळलेला,
बोळा उलगडायचा राहून गेलेल्या कागदासारखा?
पुढून आलेला आवाज त्या वळ्यांत शिरतो, घुटमळतो;
मागून आलेल्याला पाळीचा बांध ओलांडावा लागतो,
त्याची बारीक सळसळ तिथेच अडते.
मेंदू त्या झिजेवरून गाव ओळखतो.

हल्ली कंपन्या म्हणतात, पाच कशाला?
एकच ठेवा, उरलेलं गणित करेल,
सरासरी कान मोजून.
वीस वर्षं कानांसाठी खपतेय,
सरासरी कान अजून दुकानात आलेला नाही.

आणि पाच असले तरी काय,
सगळे दोन बोटांवर.
दोन बोटांवरून मैदान दाखवायचं,
पडकी भिंत, भिंतीआडचा बूट.
कधी जमतं. कधी पाचही एकमेकांत मिसळून
नुसता कालवा.

कोपऱ्यात बाबा सुक्या मांदेलीची डोकी खुडत होते.
एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत,
डावा कान तिथेच राहिला.
घरात हाक मारली की सगळं घर शोधतात,
मोरीसुद्धा.
माझे हात गुंतलेले, म्हणून हेडसेट त्यांच्याच डोक्यावर चढवला,
पावलांची चाचणी लावली.
पडद्यावर ठिपका समोर.
बाबांनी खुडणं थांबवलं,
मान वळवून भिंतीकडे बघितलं.
"मागे कुणीतरी आहे."

एका कानानं?
हा-रम हसला. मी नाही हसले.
डावं-उजवं ओळखायला दोन कान लागतात,
या कानाचं त्या कानाला किती उशिरा कळलं, तो हिशेब.
पुढचं-मागचं मात्र
एकट्या कानाच्या वळ्याही सांगू शकतात.

डबीपाशी बघितलं. करडी तार पांढरीच्या जागी,
पांढरी करडीच्या.
डाग माझाच होता, गोल, चकचकीत, चुकीचा.
चष्म्याचा नंबर वाढलाय, हे मान्य करायला
मला दोन मिनिटं लागली.

पोरगा गेल्यावर बाबा म्हणाले,
"तुम्ही सगळे ओरडता ना, म्हणून कळत नाही.
ओरडलं की भिंतीसुद्धा बोलतात."
मांदेलीचा वास लागलेल्या बोटानं
उजव्या कानाची पाळी खाजवत
पुन्हा डोकी खुडू लागले.

रात्री जेवायला बोलवताना
मी त्यांच्या मागे, थोडं उजवीकडे उभी राहिले,
हळूच म्हटलं, "बाबा, भात."
ते थेट माझ्याकडे वळले.

सकाळी हा-रमचा मेसेज:
नऊ वेळा मेलो.
त्यातल्या सात गोळ्या छातीवर.