कुंपणावरचा

जांबोटीला एका आवारात दोन शाळा, मधे एक भिंत,
चाळीस फूट. ती मला मिळाली.
बिर्जेबाईंनी कागद दिला: जगातले सरडे आणि पाली,
काय खातात, कशाला उपयोगी. नावं दोन्ही भाषांत.
"चतुर्थीच्या आत पाहिजे हं, ओमाणी."
मी बोर्ड रंगवणारा माणूस. अक्षरावर दर लावतो.
सरड्याला काय लावणार?

पहिल्या दिवशी समुद्रातला काढला. काळा, खडकासारखा.
तो पाण्यात बुडी मारून शेवाळ खातो
आणि वर येऊन नाकातून मीठ शिंकतो.
शिंक काढण्यात दुपार गेली.

मग कोमोडो बेटावरची थोरली घोरपड.
मेलेलं जनावर हाडासकट संपवते, रान साफ ठेवते.
मष्णू शिपाई बघत उभा राहिला.
"पंचायतीत घ्या की हिला," म्हणाला.

वाळवंटातला काटेरी ओल्या वाळूवर नुसता उभा राहतो,
पाणी पायातून अंगभर चढत तोंडाशी येतं,
वातीत तेल चढावं तसं.
हे चित्रात येत नाही.
तरी मी पायापासून ओठापर्यंत एक निळी रेघ ओढली.

दूरच्या दक्षिणेतली एक पाल रात्री फुलात तोंड घालते,
हनुवटीला पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जाते.
"पाल? आणि मधमाशीचं काम?"
बाईंना पटेना. पुस्तक त्यांचंच होतं.

आपल्याकडच्यांची पाळी आली तशी दोन्ही शाळांची पोरं जमली.
मी सापसुरळी लिहिलं.
पलीकडची शिवलीला म्हणाली, ही हावराणी, सापांची राणी.
"मी बघितलो, आमच्या न्हाणीमागं असते."
माझी आई तिला सापाची मावशी म्हणायची.
राणी की मावशी, नातं ठरेना.
ती मात्र तांब्याच्या तारेसारखी
पालापाचोळ्यात शिरायची, वाळवी टिपायची.

उडत्या सरड्याला मी वडलांच्या पोफळीवर बसवलं.
ते कणकुंबीला सुपारी उतरवायला जायचे.
सांगायचे, बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढते
आणि हा कंडक्टरसारखा बसून
एकेकीचं तिकीट फाडतो.
"साल समजून दोनदा हात ठेवलोय त्याच्यावर."

खाली दोन फूट जागा उरली.
बाई म्हणाल्या, म्हण लिही:
सरड्याची धाव कुंपणापर्यंत.

ब्रश डब्यात बुडवला आणि तसाच राहिलो.
आमच्या शेताला शेराचं कुंपण होतं.
पोरपणी मी त्यावरच्या सरड्याला दगड मारायचो,
तो मान हलवायचा, मला वाटायचं वाकुल्या दाखवतो.
सकाळभर तिथंच.
इकडं उतरून आमच्या रताळ्याच्या वेलातली अळी,
तिकडं उतरून बसाप्पाच्या मिरचीतली,
पुन्हा वर, ऊन खात.
माद्यांच्या दिवसांत त्याचं डोकं लाल व्हायचं,
प्रायमर नाही, टर्पेंटाइन नाही,
तसला लाल मला अजून जमलेला नाही.

"बाई," म्हटलं, "धाव कसली हो?
तो राहतोच तिथं."

बाई काही बोलल्या नाहीत. घंटा झाली होती.
दोन फूट कोरे राहिले.

शेवटच्या रात्री ट्यूबलाइट लावून अक्षरं भरत होतो.
पतंग आले, बारीक हिरवे किडे आले,
आणि त्यांच्यामागून पाल.
हिला काढायचं राहूनच गेलं होतं.
घरचं माणूस लग्नाच्या यादीत राहतं तसं.
ती घोरपडीच्या डोक्यावरून चालत आली,
समुद्राच्या काठाशी एक पतंग गिळला,
आणि खालच्या ओल्या ओळीवरून
मराठीतून कानडीत निघून गेली.
जाताना चुकचुकली. बरं की वाईट,
पंचांग घरी होतं.

सकाळी बाईंनी चष्मा पुसून ठिपके पाहिले.
"हे पुसून घे."
घेतो म्हणालो, आणि शिडी आवरली.

बिल अक्षरावर केलं.
ती पावलं त्यात धरली नाहीत.