दुसऱ्या लॉटचा हिरवा

ऐरोलीत स्वेटर विणणाऱ्या माणसाला
लोक एकच विचारतात :
कुणासाठी? इथे थंडी कुठंय?
वरच्या मजल्यावरच्या भोईरांनी तर नुसतं पंख्याकडे बोट दाखवलं.
मी टाके मोजत होतो, चौऱ्याऐंशीवर होतो.
हसून मान हलवली, पुन्हा मोजले तर ब्याऐंशी.

सध्या सुयांवर तीन कामं आहेत.
एक टोपरं, मोसंब्याएवढं,
महापालिकेच्या दवाखान्यात
दिवस भरायच्या आत आलेल्या कुणासाठी तरी.
ताटे सिस्टर बजावते, गाठ आत नको, टाळूला टोचते.

दुसरं काय आहे ते मलाही ठाऊक नाही.
मफलर म्हणून सुरू केलं, रुंद होत गेलं,
आता त्याच्यावर मांजर झोपतं,
म्हणजे झालंच म्हणायचं.

आणि तिसरा हा हिरवा. नेगीबाईंचा.

त्यांनीच शिकवलं. मनगट मोडलं त्या वर्षी
बोटं हलती ठेवा म्हणाले होते डॉक्टर,
खाली बाकावर रबरी चेंडू दाबत बसलेला असायचो.
बाईंनी चेंडू काढून घेतला, सुया दिल्या.
पहिले आठ दिवस टाके इतके आवळलेले
की दुसरी सुई आत शिरेना.
भाऊ, म्हणाल्या, कोणी पळून नाही चाललंय.

दिवाळीनंतर त्या चमोलीला परत जाणार.
कायमच्या.

पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली
आणि लोकर संपली.
ठाण्याला जांभळी नाक्यापाशी गेलो, लेबल घेऊन.
तो लॉट गेला काका, दुकानदार म्हणाला,
हा घ्या, सेमच आहे.

सेम.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या रंग कारखान्यात
मी शेड जुळवत होतो.
उत्तरेच्या खिडकीशी, ट्यूब बंद करून,
सकाळी दहाच्या आत, डोळे शिळे व्हायच्या आधी.
चिमूटभर पिवळ्यासाठी अख्खी बॅच परत पाठवलीय,
लोकांच्या शिव्या खाल्ल्यात.
लग्नात माझे तळवे जांभळे होते,
हात पुढे करा म्हणाले भटजी, आणि थबकले.

मागच्या नाल्याला त्या त्या दिवसाचा रंग असायचा.
आज निळा चाललाय, म्हणायचो पुलावरून, डबा खाता खाता.
खाडीवरची माणसं तक्रार घेऊन यायची,
गेटवर उभी राहायची तासन्‌तास.
मी आत शेड जुळवत असायचो.

घरी आल्यावर दोन्ही गुंडे खिडकीत धरले.
नवा जरा निळ्याकडे झुकलेला.
बायकोला दिसत नाही. भोईरांना तर नाहीच.
पण नेगीबाईंचा मोतीबिंदू काढलाय चैत्रात,
म्हणतात, सगळंच धुऊन ठेवल्यासारखं दिसतं.

यावर उपाय काय, हे ज्यांना विचारायचं
त्यांनाच विचारता येत नाही.
शेवटी रात्री झालेली बाही अर्धी उसवली.
आता दोन ओळी जुन्या, दोन नव्या,
पुन्हा दोन जुन्या;
कुठे एक संपतो ते माझं मलाही सापडू नये असं विणतोय.
सापडतं.
ओळ एकोणचाळीस. त्या दिवशी पाणी आलं नव्हतं,
टँकरवाल्याशी भांडून येऊन बसलो होतो.
तिथे टाके पहिल्या आठवड्यातल्यासारखे.
ते नाही उसवलं.

मापही चोरूनच घेतलंय.
गच्चीत त्यांचा कुडता वाळत होता,
खांद्यापासून मनगटापर्यंत सुतळी लावली, गाठ मारली.
ती सुतळी खिशातच असते.
ओला कुडता किती आटतो, हे कळायला मार्ग नाही.

परवा मंडईत दुधी घेताना
हात आपोआप खिशात गेला.
गाठीच्या पुढे दोन बोटं भरला दुधी.
भाजीवाली बघत होती.
काका, म्हणाली,
वजनावर आहे हो, लांबीवर नाही.