पाचपैकी

आमच्या खोऱ्याच्या साप्ताहिकात माझा रकाना असतो, पान सात.
वर निधनवार्ता, खाली मेंढ्यांचे भाव,
मध्ये मी: बिअर, पाचपैकी किती.

बंद पडलेल्या दूधसंघाच्या इमारतीत ओड्डमुंडने भट्टी घातली.
फरशी तीच, उताराची, दूध वाहून जावं म्हणून केलेली.
सहा ग्लास त्याने फळीवर ओळीने मांडले
आणि हात मागे बांधून उभा राहिला,
निकालाच्या दिवशी पोरगं उभं राहतं तसा. वय एकसष्ट.

पहिली फिकी, ढगाळ,
दोन दिवसांपूर्वी कापलेल्या गवताच्या वासाची.
लिहिलं: स्वच्छ.
म्हणजे उद्या आठवणार नाही.

दुसरीत आंबा लागतो, म्हणाला.
आंबा मी खाल्लाय तो डब्यातला, पाकातल्या फोडी,
तेव्हा या बाबतीत माझं मत कुणी धरू नये.

तिसरी काळी, आल्डरच्या धुरावर सुकवलेल्या माल्टची.
लोहाराच्या चामडी एप्रनला जीभ लावावी तशी.
मला आवडली. कुणाला सांगणार नाही.

चौथीच्या वेळी तो काहीच बोलला नाही.
फेस नाही. रंग ओल्या लाकडाचा.
जुनिपरच्या डहाळ्या उकळलेलं पाणी, जव,
आणि विरजण. आम्ही त्याला क्वाइक म्हणतो,
घराघराचं वेगळं, आडनावासारखं.

आधी संत्र्याची साल, नखाने चिरताना डोळ्यात उडते ती.
मग गोड. जरा जास्तच.
आणि त्याच्याही मागून, दार लोटल्यावर येते तशी,
आमच्या तळघराची ओल.

आमच्या.

बाबा विरजण बर्चच्या साखळीत सुकवून माळ्यावर टांगत.
ते ओतताना ओरडायचं असतं, जितकं मोठ्याने तितकी बिअर कडक,
म्हणून आम्हा भावंडांना रांगेत उभं करून ओरडायला लावत.
ते गेल्यावर स्टाइनारने माळा साफ केला.
करडी खपली धरलेली लाकडाची कडी,
कशाची ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही,
चुलीत छान पेटली.

विरजण संपलं की शेजारी जायचं असतं.
पण शेजारी ओड्डमुंडचं घर,
आणि मधल्या ओढ्याच्या पाण्यावरून दोन बाप
एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

हे कुठलं, मी विचारलं.
तो फरशीच्या उताराकडे बघत राहिला.
तुझ्या आईने दिलेलं. आमचं मेलं होतं,
बहिणीचं लग्न दहा दिवसांवर.
मीच आलेलो, मागच्या दाराने, मोज्यांवर,
बूट ओढ्याच्या अलीकडे काढून ठेवून.

आई बिअर पीत नसे. तिला त्या वासाने मळमळायचं.

त्याने फळीखालून एक बरणी काढली.
लेबलावर तिचं उजवीकडे झुकणारं अक्षर:
क्लाउडबेरी, साखर कमी.
आत तळाशी साय धरलेलं काहीतरी, जिवंत.
भांडं रिकामं परत करू नये, म्हणाला.
सेहेचाळीस वर्षं लागली त्याला.

पाचवी आणि सहावी मी प्यायले.
कशा होत्या, खरंच सांगता येणार नाही.

बसमध्ये बरणी कोटाच्या आत, पोटाशी धरली.
ड्रायव्हर म्हणाला, मांजर आहे का?
हो म्हटलं.

गुरुवारी छापून आलं. चौथी: फेस नाही, गोडी जास्त,
संत्रं उत्तम. साडेतीन.

संध्याकाळी स्टाइनारचा फोन. तो नेहमी वाचतो.
साडेतीन? तू तर कधी कुणाला तीनच्या वर देत नाहीस.
अर्धा कशाचा?

शेगडीवर पातेलं होतं, हाताला सोसेल इतकं गरम.
शेजारची खिडकी उघडी होती.
थांब जरा, म्हटलं,
आणि फोन ओट्यावर ठेवून
ओरडले.