जखमेचा वास

मी केळीला जखम करते.
सुईच्या टोकाने, दिव्याखाली, श्वास रोखून.
जखम झाली की झाड एक वास सोडतं,
माणसाच्या नाकाला न कळणारा,
आणि मातीतला तो जिवाणू त्या वासावर येतो,
जसे मयताच्या घरी शेजारी येतात,
काही हात लावायला,
काही भांडी मोजायला.

रानात तो आला की खोडावर गाठ उठते.
आपला एक धागा आत सोडून
तो झाडालाच स्वयंपाकाला बसवतो,
आणि झाड रांधत राहतं
असं काही, जे त्याला स्वतःला खाता येत नाही.

आमच्याकडे येतो तो दात काढलेला.
गाठ उठवणारा भाग कुणीतरी कधीच कापून ठेवलाय;
त्या जागी भोपळी मिरचीतला एक तुकडा,
ज्याला रोगाशी भांडता येतं म्हणतात.
तीन दिवस दोघांना अंधारात एकत्र ठेवते.
चौथ्या दिवशी औषध घालून
आणणाऱ्यालाच मारते.
हे मी आईला सांगितलेलं नाही.

आई सोरोटीहून फोन करते.
"आसेकेन्ये, बाजारात बोलतात,
तुमचं केळं खाल्लं की कूस उजवत नाही."
मी म्हणते, कुणी खाल्लंच नाही, आई.
खाऊच देत नाही.

दोन कुंपणं आहेत. त्यांच्यामध्ये ओचोम आहे.
आत जाताना बूट धुवायचे, बाहेर येताना पुन्हा.
घड उतरला की मोजायचा, तोलायचा,
खड्ड्यात पुरायचा, वर सही.
ह्या केळीला बी धरत नाही,
तरी परागाचा रकाना रोज भरायचा.
ओचोम म्हणतो, "बारा वर्षं तुरुंगात पहारा केला,
कैदीसुद्धा इतक्यांदा मोजले नाहीत."

मागच्या महिन्यात आईने अमुकेके पाठवलं,
उन्हात वाळवलेले रताळ्याचे काप,
जुन्या साखरेच्या पोत्यात, वर गाठीवर गाठ.
त्याच आठवड्यात मी वाचलं होतं:
रताळ्यात ह्याच जिवाणूचा धागा आहे.
हजारो वर्षांपूर्वी शिरलेला,
कुणी न बोलावता,
आणि तेव्हापासून आपण ते भाजतो, उकडतो,
दात न आलेल्या पोरांना कुस्करून भरवतो.
कुंपण नव्हतं. सही कुणाची घ्यायची होती?

मी ते आईला सांगितलं, जिंकल्यासारखं.
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे कोंबडी ओरडत होती.
मग म्हणाली,
"रताळ्याला घाई नव्हती, बाई."

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

पण नाकिबुलेलाही घाई आहे.
तिची बाग बाहेरच्या तारेला लागून.
पानं पिवळी पडून वाळली,
घड अवेळी पिकले, आतून कुजले,
खोड कापलं तर पिवळा चिकट घाम.
तिने सगळी खाचरं खणून काढली,
कोयता विस्तवावर धरधरून,
आणि आता रिकाम्या जमिनीत उभी राहून
आमच्या हिरव्या रांगा बघते.
एकच मुनवा मागते. एकच.

ओचोम मान हलवतो.
त्याच्या रजिस्टरात तारीख आहे, वजन आहे,
खड्ड्याची खोली आहे;
मागायला आलेल्यांचा रकाना नाही.

मी नियम मोडत नाही.
नियम कुणाच्या तरी भीतीतून आला,
आणि ती भीती खोटी असं
मला छातीठोक म्हणता येत नाही.
खरी असंही नाही.
अजून दोन हंगाम मोजायचे आहेत.

संध्याकाळी तारेतून हात घालून
मी नाकिबुलेला मूठभर अमुकेके देते.
त्यातही तोच आहे, न बोलावलेला.
ह्याला परवानगी लागत नाही.
ती पदराच्या टोकात बांधून घेते, विचारते,
शेंगदाण्याच्या रश्श्यात किती वेळ शिजवायचं?

ओचोम सवयीने मोजतो.
अकरा काप.