चाप

छातीवर चौदा नंबर चिकटवला
आणि बहरीनच्या धक्क्यावर बसमध्ये कोंबलं आम्हांला.
चार तास बेट. सव्वाचारला शिडी उचलणार,
जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही,
हे माईकवरून तीनदा सांगितलं, जरा गोड भाषेत.

तिकीट पुतण्याचं. शारजात असतो.
म्हणाला, काकू, जन्मभर दिव्याखाली मोती ओवलेस,
एकदा ते येतात कुठून ते बघ.
मी म्हटलं, येतात पुडीतून.
पण आले.

मशीद झाली. किल्ला झाला,
किल्ल्यात सावली कमी आणि फोटो फार.
शेजारचे धनोरकर प्रत्येक ठिकाणी
आधी स्वच्छतागृह विचारत, मग शतक.

मग मुहर्रक. प्रवाळाच्या दगडाच्या भिंती,
बोळ इतका अरुंद की वाटलं
वळलं की कोल्हापूरची गुजरी लागेल,
आणि आमच्या दुकानाची अर्धी उघडी फळी.

बद्रिया नावाची गाईड, चुणचुणीत पोरगी,
सांगत होती, इथून मोती मुंबईला जायचे
लाल फडक्यात बांधून.
फडकं मला माहीत आहे.
फडक्याच्या अलीकडचं काही माहीत नव्हतं.
आम्ही बसरा म्हणायचो. अस्सल बसरा, ताई,
गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचो.
बसरा राहिलं तिकडे वर,
आणि मोती ह्या उथळ, हिरवट पाण्यातले.
चाळीस वर्षं मी चुकीच्या गावाची शपथ घेतली.

काचेमागे पितळी चाळण्या, एकीत एक बसणाऱ्या.
तराजू. दोर. पायाला बांधायचा दगड.
आणि हाडाचा एक चिमटा, बोटाच्या पेराएवढा.
तसलाच एक नवा बद्रियाने पर्समधून काढला.
कुणाला घालून बघायचाय?
नाक दाबलं की तोंड उघडतं, धनोरकर म्हणाले,
आणि तिला हिंदीत समजावून सांगितलं.
ती हसली नाही.
खाली उघडलं, तर संपलं, म्हणाली.

माझा हात आधी पुढे गेला.
चाप मला कळतो.
हल्ली नाक कोण टोचतं?
चापाच्या नथी हजारभर केल्या असतील मी.
तार किती वाकवायची, पकड किती घट्ट,
मंगलाष्टकं संपेपर्यंत पडू नये
आणि फोटोत नाक लाल दिसू नये.
दुखतंय का, विचारायचे मुलींना.
थोडंसं, म्हणायच्या.
मग बरोबर बसली.

हा बसला.

आधी अत्तराचा वास गेला.
मग कानात माझंच रक्त,
आणि त्याच्या पलीकडून बद्रिया:
तिचा पणजोबा, दिवसाला पन्नास बुड्या,
वर दोर धरून सख्खा मेहुणा.
खालून हिसका आला की ओढायचं.
एकदा हिसका आला नाही,
किंवा आला आणि कळला नाही.
घरात अजून दोन मतं आहेत, म्हणाली,
आणि पुढच्या खोलीकडे हात केला.

मी हिशेब करत राहिले. वाईट खोड.
शंभर शिंपल्यांत एखादा दाणा,
त्यातला घाटदार किती, जोडीचा किती,
आणि सरनोबतांच्या नथीतला तो मधला, टपोरा,
जो भोक वाकडं म्हणून मी परत पाठवला होता,
त्याच्यामागे किती बुड्या?
आकडा जमेना.
रत्तीत श्वास मावत नाही.

चिमटा पदराला पुसून परत दिला.
मोती घेतला नाही. खजूर घेतले.
शेवटी पोचली ती आमचीच बस.
शिडीवरच्या मुलाने अंगावरून यंत्र फिरवलं,
काही वाजलं नाही.

रात्री वरच्या मजल्यावर बँड, सगळे नटलेले.
मी केबिनमध्ये बेसिन काठोकाठ भरलं,
चष्मा काढून ठेवला,
नाक दोन बोटांत धरलं
आणि तोंड बुडवून मोजायला लागले.

तेविसाला उघडलं.