निरीक्षणाखाली

ऑर्फा टॅकेट तीन रात्री आमच्याकडे होती.
खाट चौदा, खिडकीकडची.
मनगटाला पट्टा, हाताला सलाईन,
माकडहाड केसाएवढं तडकलेलं.
रात्री कोळशाची मालगाडी गेली की
ती डबे मोजायची, असं डेल्मर सांगतो.
एकशे चारपर्यंत. मग डोळा लागायचा.

कागदावर मात्र ती आलीच नाही.
कागदावर ती 'निरीक्षणाखाली' होती,
उंबऱ्यात ताटकळलेल्या पाहुण्यासारखी:
या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही,
आणि पाण्याचे पैसे लावले.

डेल्मर टोपी काढून काउंटरशी उभा.
बिलावरून बोट फिरवतोय, ओळीओळीनं.
रक्तदाबाची गोळी, बावीस डॉलर.
तीच गोळी तिच्या पर्समध्ये होती,
नर्सनं घेऊ दिली नाही.
तो ज्या खुर्चीत झोपला
तिचं भाडं मात्र कुठे दिसत नाही.
मीही शोधलं.

"दाखल नव्हत्या, म्हणून पुढच्या
शुश्रूषागृहाचा खर्च विमा देत नाही."
हे वाक्य मला पाठ आहे.
वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात
दिवसाला तीनचारदा म्हणते,
आवाज न चढवता.

तो भांडला नाही. पेन मागितलं.
बिलाच्या तळाशी, जाड अक्षरात,
खाणीतल्या हजेरीबुकात लिहितात तसं:
ऑर्फा मे टॅकेट. हजर.

कागद मी स्कॅनरमध्ये सरकवला.
यंत्रानं ती ओळ
सही म्हणून धरली.