एकच तोंड

वडूजला तहसीलच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
कॉम्प्युटर जूनमध्ये वारला.
दुरुस्तीवाल्यानं नऊ हजारांचा आकडा सांगितला
आणि त्याच्यावर स्वतःच कापड टाकलं.
तेव्हापासून अर्ज फोनवर.
फोनला बोटभर ओटीजी,
ओटीजीला जुन्या कीबोर्डची शेपटी.
ळ पुसलाय, ण अर्धा उरलाय,
पण बोटांना दोघांची घरं माहीत आहेत.

अडचण एवढीच, फोनला तोंड एक.
कीबोर्ड लावला की चार्जर बाहेर,
चार्जर लावला की कीबोर्ड मुका.
जेवताना बोलू नये
हे याला कुणी शिकवलं कोण जाणे,
आमच्याकडे तर सगळे निकाल
ताटावरच लागायचे.

सॉकेट आहे, खिडकीच्या आत, हाताला येईल असं.
पण शिपाई म्हणतो, ती वीज शासनाची.

दुपारी कातरखटावचे बागल आले, जोडीनं.
रेशनकार्डावर कोंडाबाईची खंडाबाई झाली होती.
मी विचारलं, कधीपासून?
ती म्हणाली, मला दोन्ही चालतात,
हे हाक मारताना नुसतं 'अगं' म्हणतात.

नऊ टक्के.
मा. तहसीलदार साहेब, वडूज, यांसी.
आठ.
विषय लिहिताना पडदा मंद झाला,
तेव्हा मोबाइलच्या दुकानातला तौसिफ
एक वायर घेऊन आला, दोन तोंडांची.
एकीकडून घ्या, दुसरीकडून द्या, म्हणाला,
पैसे संध्याकाळी.

एका तोंडात कीबोर्ड,
दुसऱ्यात माझी पॉवर बँक, वीट म्हणावी एवढी जड.
अक्षरं उमटायला लागली.
सात. सहा.
मला वाटलं, सुरुवातीला असंच होत असेल.
पाच.
आणि विटेवरचा दुसरा दिवा लागला,
मघाशी एकच होता.

तौसिफ वाकला, बघितलं, हसायलाच लागला.
ताई, उलटं चाललंय.
फोनच पाजतोय तिला.
काढा, परत लावा,
कोण देणार, कोण घेणार,
ते दोघांचं आधी ठरू द्या.

कोंडाबाई इतका वेळ पिशवीचा बंद विणत होती.
म्हणाली, आमच्यातबी हेच.
बेचाळीस वर्षं मला वाटायचं
हे मला पोसत्यात.

बागलांनी टोपी काढली,
आत काही आहे का बघितलं,
परत घातली.

मी वायर काढली, उलटी करून लावली.
फोन थोडा वेळ विचारात पडला.
मग बॅटरीच्या चित्रात वीज आली, बारीक, जिऱ्याएवढी.
त्याला लगेच राबवायला नको वाटलं.
जेवतंय का ते? कोंडाबाईनं विचारलं.
मी म्हटलं, हो.
मग थांबू की, म्हणाली,
आणि पिशवीतून भाकरी काढली, वर कांदा,
बागलांनी एका बुक्कीत फोडलेला.
चौघांत तीन भाकऱ्या.
तौसिफ नको नको म्हणत दुकान उघडं टाकून बसला.
तोंडात घास ठेवून
कोण कोणाला किती बोललं, सांगत नाही.

साडेतीनला साहेब उठतात.
तीन दहाला पाहिलं: अकरा टक्के.
वायर तशीच ठेवून कळ दाबली,
कीबोर्डचा हिरवा दिवा लागला, विटेचाही.
विनंतीवरून नाव वाचत गेले,
कोंडबाई
एवढंच लिहून मघाशी थांबले होते.
काना राहिला होता.
दिला.